कॅम्पोबेलोतले ते पाच आठवडे : रूझवेल्ट उद्यानाच्या आयोगाला खुले पत्र

प्रति,
सर्व सदस्य,
रूझवेल्ट कॅम्पोबेलो आंतरराष्ट्रीय उद्यान आयोग,
कॅम्पोबेलो बेट, न्यू ब्रन्सविक, कॅनडा

स. न. वि. वि.

तुमच्या देखरेखीखाली असलेल्या त्या लाल रंगाच्या, चौतीस खोल्यांच्या घराबद्दल एक विनंती करायची आहे. १० ऑगस्ट १९२१ पासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, साधारण पाच आठवडे, त्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळून होता : पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट. त्या पाच आठवड्यांची हकिगत पुढच्या लोकांना सांगताना डॉक्टरांची चूक झाकू नका आणि ज्यांनी त्या माणसाचं सगळं केलं त्यांना कोपऱ्यात ढकलू नका, एवढंच मागणं आहे.

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी मुंबईत, पुढची सगळी वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. मराठीत हे जाहीरपणे लिहिते आहे, कारण त्या घरात जे झालं ते एका बाबतीत महाराष्ट्रातल्या हजारो घरांतही झालं, आणि त्या घरांतली माणसं हे वाचतील.

त्यांच्यासाठी आधी जागेचा पत्ता सांगते. अमेरिकेच्या मेन राज्यात अगदी पूर्वेच्या टोकाला लुबेक नावाचं छोटं गाव आहे. तिथून एक पूल निघतो आणि कॅनडात उतरतो. पूल ओलांडला की घड्याळ एक तास पुढे करायचं. ज्या बेटावर उतरतो ते कॅम्पोबेलो. बेट कॅनडाचं, पण कॅनडाच्या मुख्य भूमीशी त्याला जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात शेजारच्या डियर आयलंडहून फेरीबोट असते, बाकीच्या दिवसांत बेटावरच्या हजारभर माणसांना आपल्याच देशात जायला अमेरिकेतून जावं लागतं. (आपल्याकडच्या एच-१बीवाल्या मंडळींना सूचना : बेट लुबेकच्या धक्क्यावरून हाकेच्या अंतरावर दिसतं म्हणून गाडी तशीच पुढे नेऊ नका. भारतीय पासपोर्टवर ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो. पुलाच्या तोंडावरून परत फिरलेली मंडळी माझ्या ओळखीत आहेत.)

बेट मूळचं पासामाक्वाडी लोकांच्या मुलखातलं. १७६७ साली ते ब्रिटिश नौदलातल्या विल्यम ओवेन या वेल्श कप्तानाला इनाम मिळालं. नोव्हा स्कोशियाचा तेव्हाचा गव्हर्नर लॉर्ड विल्यम कॅम्पबेल. त्याच्या आडनावाला इटालियन झगा चढवून ओवेननं बेटाचं नाव ठेवलं. शंभरेक वर्षं ओवेन घराण्यानं तिथे जहागीरदारी केली. १८८१ मध्ये अमेरिकन भांडवलदारांनी बेटाचा मोठा भाग विकत घेतला, हॉटेलं बांधली आणि बॉस्टन-न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांना थंड हवेचं आमिष दाखवलं. मुंबईच्या साहेबांना मे महिन्यात महाबळेश्वर-माथेरान आठवायचं, त्यातलाच प्रकार. डोंगराऐवजी समुद्र एवढाच फरक.

१८८३ मध्ये जेम्स आणि सारा रूझवेल्ट आपल्या दीड वर्षाच्या फ्रँकलिनला घेऊन तिथे गेले. जागा आवडली, जमीन घेतली, घर बांधलं. पोरगा दर उन्हाळ्यात तिथे वाढला आणि शिडाची होडी हाकायला तिथेच शिकला. फंडीच्या उपसागरातलं पाणी म्हणजे थट्टा नव्हे. कॅम्पोबेलोजवळ भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास असतो, धुकं तर केव्हाही उतरतं, आणि ऐन ऑगस्टातही पाणी हाडं गोठवणारं. त्या पाण्यात तयार झालेला मुलगा पुढे नौदल खात्याचा उपमंत्री झाला.

आज आपण बघतो ते घर मात्र जेम्स-सारांचं नाही. ते शेजारच्या कुन्हबाईंचं. बॉस्टनच्या या बाईंनी ते १८९७ च्या सुमारास बांधून घेतलं होतं. फ्रँकलिनची तरुण बायको एलिनॉर हिच्यावर त्यांचा जीव होता. १९०८ मध्ये बाई गेल्या तेव्हा मृत्युपत्रात एक कलम निघालं : सारा रूझवेल्ट यांनी हे घर फ्रँकलिन आणि एलिनॉर यांच्यासाठी घ्यायचं असेल, तर ते सामानासह पाच हजार डॉलरला द्यावं. साराबाईंनी १९०९ मध्ये घर घेतलं आणि मुलगा-सुनेला दिलं.

हे कलम वाचून मराठी वाचकाला हसू येईल, कारण सासू-सून प्रकरण आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये साराबाईंनी ईस्ट पासष्टाव्या रस्त्यावर दोन जोडघरं बांधली होती, एक स्वतःला आणि एक मुलाला, आणि मधल्या भिंतींत दारं ठेवली होती. सासूबाई केव्हा कुठल्या मजल्यावरून आत येतील याचा नेम नसे. कॅम्पोबेलोतही सासूबाई शेजारीच होत्या, पण इथे निदान मध्ये अंगण होतं. एलिनॉर यांना आपल्या मनासारखं मांडता आलेलं हे पहिलं घर. वीज नव्हती, दिवे रॉकेलचे, स्वयंपाक मोठ्या शेगडीवर. अठरा झोपायच्या खोल्या, पाच मुलं, पाहुण्यांची ये-जा, न्यूयॉर्कहून आणलेले नोकर आणि बेटावरच्या गावांतून कामाला येणारी माणसं. पोरं किनाऱ्यावर कुठेतरी उंडारत असायची. त्यांना जेवायला हाक मारायला एक भलामोठा भोंगा होता, तो तुम्ही जपून ठेवला आहे. १७ ऑगस्ट १९१४ रोजी धाकटा फ्रँकलिन याच घरात जन्मला.

सुखाच्या या चित्राला तडेही होते. उपमंत्री असताना रूझवेल्ट बराचसा उन्हाळा वॉशिंग्टनमध्ये काढत आणि बायको-मुलं बेटावर. १९१७ चा उन्हाळाही तसाच गेला. पुढच्याच वर्षी एलिनॉर यांच्या हाती त्यांच्याच पूर्वीच्या सेक्रेटरीची, ल्यूसी मर्सर यांची, नवऱ्याला आलेली पत्रं लागली. लग्न टिकलं, पण त्याचं रूप पालटलं. ज्या बाईनं तीन वर्षांनी या घरात नवऱ्याचं गूमूत काढलं, ती हे सगळं पचवून उभी होती. हे लक्षात ठेवल्याशिवाय १९२१ चा ऑगस्ट नीट कळत नाही.

आणि एक वर्ष लक्षात ठेवायला हवं, १९१६. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओची मोठी साथ आली. एकट्या शहरात नऊ हजारांच्या आसपास रुग्ण आणि दोन हजारांहून जास्त मृत्यू, बहुतेक लहान मुलं. रूझवेल्ट यांनी मुलांना शहरात आणूच दिलं नाही. थंडी पडू लागली तरी त्यांना कॅम्पोबेलोतच ठेवलं, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये नौदलाचं डॉल्फिन हे जहाज पाठवून थेट न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या घरी आणवलं. सरकारी जहाज घरच्या कामाला लावणं आज कुणी खपवून घेणार नाही, तेव्हा खपलं. पण बापाची भीती खरी होती. पोलिओपासून सुरक्षित जागा म्हणून त्यानं हे बेट निवडलं होतं.

आता १९२१. आदल्या वर्षी रूझवेल्ट उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. जुलैत वॉशिंग्टनच्या उकाड्यात, नौदल खात्यातल्या त्यांच्या कारभारावर ठपका ठेवणाऱ्या सिनेट समितीच्या अहवालाला उत्तर देण्यात ते गुंतले होते. जुलैच्या अखेरीला न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन इथल्या बालवीरांच्या शिबिराला त्यांनी भेट दिली. विषाणू बहुधा तिथेच अंगात शिरला, असं बहुतेक चरित्रकार मानतात. मग एका मित्राच्या यॉटवरून ते कॅम्पोबेलोला आले. ९ ऑगस्टला मासे धरताना पाण्यात पडले, आणि इतकं थंड पाणी आयुष्यात लागलं नव्हतं असं पुढे सांगत. १० तारखेला बायको-मुलांना घेऊन होडी काढली, वाटेत एका बेटावर वणवा दिसला तो झोडपून विझवला, परत आल्यावर मुलांबरोबर पळत तळ्यावर गेले, पोहले, समुद्रातही डुबकी मारली, पळत घरी आले आणि ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसले. मग हुडहुडी भरली. जेवण टाळून झोपायला वर गेले.

सकाळी एक पाय लुळा पडायला लागला होता. मग दुसरा. दोन-तीन दिवसांत उभं राहता येईना, ताप चढलेला, कातडीला चादरीचा स्पर्शही सहन होईना, लघवी अडली, हातांतलीही ताकद ओसरली. वय ३९.

लुबेकहून डॉ. बेनेट आले. साधा डॉक्टर, त्यांना सर्दी-पडसं वाटलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं असतं. मग बेनेट आणि रूझवेल्ट यांचे सल्लागार लुई हाउ यांनी आसपासच्या सुट्टीच्या गावांत कुणी मोठा डॉक्टर आला आहे का याचा शोध घेतला. बार हार्बरला विल्यम कीन सापडले. फिलाडेल्फियाचे नामांकित सर्जन, वय ८४. कीन यांनी तपासून सांगितलं की पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात रक्ताची गुठळी झाली आहे. पाय जोरजोरानं चोळा, मालिश करा, सुधारेल. बिल लावलं सहाशे डॉलरचं.

इथे मला थांबायचं आहे.

पोलिओच्या सुरुवातीच्या दिवसांत स्नायूंना हवी असते विश्रांती. पूर्ण. अंग दुखरं असतं, मज्जारज्जूतल्या पेशी मरत असतात, आणि अशा वेळी रगडून केलेलं मालिश हा उपचार नाही, छळ आहे. पोलिओ अंगात असताना केलेले भारी कष्ट लकवा वाढवू शकतात हेही पुढच्या अभ्यासांतून दिसलं. म्हणजे वणवा विझवण्यापासून मालिशपर्यंत सगळंच उलटं झालं. कीन यांच्या सांगण्याबरहुकूम एलिनॉर आणि हाउ आळीपाळीनं ते पाय चोळत राहिले. रोगी वेदनेनं तळमळत होता आणि प्रेमाची माणसं त्याला बरं वाटावं म्हणून त्याला आणखी दुखवत होती. त्यामुळे नक्की किती बिघडलं ते सांगता येणार नाही, आणि मी तो हिशेब मांडत नाही.

पण मी हे ओळखलं, कारण हे मी पाहिलेलं आहे. मुंबईत नोकरीला होते तेव्हा, १९८० च्या दशकात, भारतात दरवर्षी लाखाच्या वर मुलांना पोलिओनं गाठलेलं असायचं. आई मूल खांद्यावर टाकून यायची. इतिहास विचारला की ठरलेलं उत्तर : ताप आला, मग पाय उचलेना, मग आजीनं तेल गरम करून चोळलं. नाहीतर मालिशवाल्याकडे नेलं. नाहीतर ताप उतरावा म्हणून डॉक्टरनं कुल्ल्यात सुई टोचली, आणि ज्या पायाच्या बाजूला सुई, नेमका तोच पाय गेला. तापात दिलेल्या सुईमुळे त्या अंगाचा लकवा बळावतो हे वैद्यकाला ठाऊक होतं, खेड्यातल्या दवाखान्यांना नव्हतं. त्या आज्यांना आपण अडाणी म्हणत आलो. कॅम्पोबेलोच्या घरात जगातले चांगल्यातले चांगले डॉक्टर बोलवायची ऐपत होती, आणि सल्ला मिळाला तो त्या आजीचाच. माझ्या पेशंटच्या आयांना ही गोष्ट सांगता आली असती तर त्यांच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं असतं. तेव्हा ती मलाच माहीत नव्हती.

हाउ यांना शंका आली. त्यांनी रूझवेल्ट यांच्या मामांना, फ्रेडरिक डेलानो यांना, सगळी लक्षणं लिहून कळवली. डेलानो बॉस्टनच्या डॉक्टरांना भेटले, आणि तिथे कागदावरची लक्षणं ऐकूनच पोलिओचा संशय व्यक्त झाला. २५ ऑगस्टला बालपक्षाघाताचे, म्हणजे पोलिओचे, जाणकार डॉ. रॉबर्ट लव्हेट बेटावर आले, तपासलं, पोलिओ सांगितला आणि मालिश ताबडतोब बंद करायला लावलं. रोगी पडल्यापासून निदानापर्यंत पंधरा दिवस गेले.

त्या पंधरा दिवसांत कुणी काय केलं? एलिनॉर रात्रंदिवस त्याच खोलीत होत्या आणि झोपही तिथेच काढायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, एनिमा, लघवीसाठी नळी घालणं, हे सगळं त्यांनी केलं. नर्सिंगचं शिक्षण नव्हतं; शिकून घेतलं. शिवाय खाली पाच मुलं, त्यांतलं सगळ्यात धाकटं पाच वर्षांचं, आणि मोठं घर. हाउ हे एकेकाळचे वार्ताहर, राजकीय सल्लागार, स्वतः दम्यानं त्रासलेले. त्यांनीही पाय चोळले, पत्रव्यवहार सांभाळला, बाहेरच्यांना काय सांगायचं ते ठरवलं. रूझवेल्ट यांच्या जिद्दीबद्दल मी एक शब्द कमी करू इच्छित नाही. पण जिद्दीचे पुतळे उभारले जातात आणि नळी घालणाऱ्या हातांचं कुणी नाव घेत नाही, हे मी चाळीसेक वर्षांच्या धंद्यात बघत आले आहे.

मग लपवाछपवी. सप्टेंबरच्या मध्यात त्यांना न्यूयॉर्कला हलवायचं ठरलं. बेटावरच्या माणसांनी त्यांना घरगुती स्ट्रेचरवर घालून जिन्यावरून, मग उतारावरून खाली होडीपर्यंत नेलं. होडी खाडी ओलांडून ईस्टपोर्टला गेली. हाउ यांनी बातमीदारांना धक्क्याची चुकीची जागा सांगून दुसरीकडेच उभं केलं होतं. ते धावत येईपर्यंत रूझवेल्ट सामानाच्या गाडीवरून स्टेशनात, आणि खिडकीतून उचलून रेल्वेच्या डब्यात पोचले होते. लोकांना दिसलं ते खिडकीतलं हसू, तोंडात सिगारेट, जवळ कुत्रा. १६ सप्टेंबरच्या न्यूयॉर्क टाइम्सनं पोलिओची बातमी छापली, पण कायमचं अपंगत्व येणार नाही असा डॉक्टरांचा दिलासाही सोबत होता.

गंमत म्हणजे चुकीचं निदान करणारे कीन या विद्येतले जुने. १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या जबड्यातली गाठ एका यॉटवर गुपचूप कापून काढली गेली, त्या डॉक्टरांत हे होते, आणि १९१७ मध्ये त्यांनीच ते गुपित फोडलं. सत्तेतल्या माणसानं आजारी दिसू नये ही समजूत रूझवेल्ट यांनी निर्माण केली नाही. ती त्यांना वारसानं मिळाली आणि त्यांनी ती कमालीच्या कौशल्यानं निभावली : लोखंडी पट्ट्या बांधून, मुलाच्या दंडाला धरून चालल्यासारखं दाखवणं, चाकाच्या खुर्चीतले फोटो काढू न देणं. बारा वर्षं राष्ट्राध्यक्ष असलेल्या माणसाचे खुर्चीतले फोटो बोटांवर मोजण्याइतके आहेत. वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक १९९७ मध्ये खुलं झालं तेव्हाही खुर्ची स्पष्ट दिसत नव्हती. अपंगांच्या संघटनांनी भांडून, पैसे उभे करून २००१ मध्ये खुर्चीतला पुतळा बसवून घेतला. ज्या लपवण्याला एवढी वर्षं पुरली, त्याची पहिली तालीम तुमच्या दारातून खाली जाणाऱ्या उतारावर झाली. म्हणून ती पायवाट मला घराइतकीच महत्त्वाची वाटते.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल की तो पोलिओ होता की नाही यावरच वाद आहे. हो, आहे. २००३ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी लक्षणांवरून गणित मांडलं की हा गियाँ-बारे सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटून लकवा आणते तो आजार) असण्याची शक्यता जास्त. वय ३९, दोन्ही बाजूंना सारखा चढत गेलेला लकवा, कातडीची दुखरी अवस्था. मुद्दे वजनदार आहेत. दुसऱ्या तज्ज्ञांनी ते खोडूनही काढले आहेत. मला विचाराल तर तापानं झालेली सुरुवात आणि जन्मभर न भरून आलेले स्नायू पोलिओकडेच बोट दाखवतात. पण वाद असेल तर वादही सांगा. त्यानं गोष्ट कमकुवत होत नाही. एका अर्थी चुकलेल्या निदानाचीच ती कथा आहे, तिच्यात आणखी एक शंका सहज मावते.

आणि पोलिओचं पुढे काय झालं ते याच खोलीतून सांगता येतं. रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये स्थापलेल्या संस्थेनं लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली, त्या पैशांवर जोनास साल्क यांची लस तयार झाली, आणि ती परिणामकारक असल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी झाली. रूझवेल्ट जाऊन त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. त्याच वर्षी मुंबईत हाजीअलीला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. कॅलिपर लावलेली मुलं तिथे कुठून कुठून येत. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला, आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र. रविवारी शाळेच्या वर्गात मुलांच्या बोटांवर शाईची खूण करणाऱ्या अंगणवाडीताईंना या घराचं नावही ठाऊक नसेल.

पण हा विषय इतिहासजमा झालेला नाही. जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला पोलिओचा लकवा झाला. बेअर माउंटनचा काही भाग याच काउंटीत येतो. शंभर वर्षांपूर्वी शिबिराहून निघालेली गोष्ट फिरून त्याच डोंगराच्या पायथ्याशी आली. शताब्दीच्या वेळी तर योग असा की महासाथीमुळे बंद असलेली हद्द कॅनडानं अमेरिकेतल्या प्रवाशांसाठी उघडली ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी, त्या पोहण्याला शंभर वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. आणि पूल ओलांडायला लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागत होता!

घराच्या पुढच्या इतिहासाबद्दल थोडंच लिहिते. रूझवेल्ट बारा वर्षं बेटावर फिरकले नाहीत. जून १९३३ च्या अखेरीला राष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतः शिडाची होडी हाकत आले, दोन-तीन दिवस राहिले आणि युद्धनौकेवरून परतले. परतीच्या त्याच प्रवासात लंडनच्या आर्थिक परिषदेला उधळून लावणारा संदेश तयार झाला. नंतर १९३६ आणि १९३९, बस. ‘लाडकं बेट’ असं ते म्हणत, आणि मला त्यात खोटेपणा दिसत नाही. पण लाडक्या जागी तीनदाच, तेही उभ्या उभ्या यावं असं का झालं असेल, हा प्रश्न येणाऱ्यानं विचारावा. समोरच्या खाडीत भरती-ओहोटीवर वीज तयार करण्याचा क्वोडी प्रकल्प त्यांनी १९३५ मध्ये हाती घेतला, पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेनं पैसे तोडले. सासूबाईंचं घर पाडलं गेलं. एलिनॉर मात्र येत राहिल्या. १९४१ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचं उन्हाळी शिबिर तिथे भरवलं. ऑगस्ट १९६२ मध्ये नवऱ्याच्या नावाच्या पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा त्या बेटावरच होत्या, पण समारंभाला जाण्याची ताकद उरली नव्हती. नोव्हेंबरात त्या गेल्या.

त्याआधी १९५२ मध्ये घर हॅमर बंधूंनी घेतलं, दुरुस्त केलं, जुनं सामान जमवलं. त्यांतले आर्मंड हॅमर हे तेलाचे उद्योगपती, पुढे निक्सन यांच्या निवडणुकीला बेकायदा देणग्या दिल्याबद्दल दोषी ठरले आणि १९८९ मध्ये बुश यांच्याकडून माफी मिळवती झालेली असामी. दाता असा गुंतागुंतीचा असतो कधी कधी. पण १९६३ मध्ये त्यांनी घर देऊ केलं म्हणून ते आज आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन यांची त्यावर बोलणी झाली ती मे १९६३ मध्ये हायनिस पोर्टला, म्हणजे केनेडींच्या स्वतःच्या उन्हाळी घरी. केनेडींची हत्या झाली, आणि २२ जानेवारी १९६४ रोजी जॉन्सन आणि पिअर्सन यांनी करारावर सह्या केल्या. तुमच्या आयोगात तीन सदस्य यांचे, तीन त्यांचे, खर्च निम्मा-निम्मा. २०२५ मध्ये दोन्ही देशांत आयातशुल्कावरून एवढी तणातणी झाली, कॅनडियन लोकांनी अमेरिकेच्या सहली रद्द केल्या, तरी ही निम्म्या-निम्म्याची मांडणी मोडता कामा नये. एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं घर दुसऱ्या देशाच्या जमिनीवर दोघांनी मिळून सांभाळायचं, हे मला तरी दुसरीकडे कुठे आढळलं नाही.

तर मागणं नेमकं सांगते. आजारपणाच्या खोलीपाशी कीन यांचं निदान आणि त्यांनी सांगितलेलं मालिश साध्या शब्दांत लिहिलेलं असावं, सोबत लव्हेट यांनी ते का थांबवलं तेही. एलिनॉर यांनी तिथे पत्नी म्हणून काय सोसलं याच्या जोडीला नर्स म्हणून काय केलं ते यावं, एनिमा आणि नळीसकट. शाळेतली मुलं हे ऐकून घाबरत नाहीत, उलट प्रश्न विचारतात. स्ट्रेचर उचलणाऱ्या आणि घर चालवणाऱ्या बेटावरच्या माणसांना त्यांच्या नावांनिशी जागा मिळावी. १९१६ ची साथ आणि २०२२ चा रॉकलंडचा रुग्ण, दोन्ही त्याच भिंतीवर असावेत. यातलं जे आधीपासून असेल ते हलवू नका, आणि पुढच्या दुरुस्तीत, नव्या फलकांत, नव्या माहितीपत्रकांत ते जागेअभावी कापलं जाऊ देऊ नका.

मेन बघायला येणारी मराठी कुटुंबं बहुतेक अकेडिया राष्ट्रीय उद्यानापर्यंत जातात आणि माघारी वळतात. त्यांतली काही पुढे यावीत म्हणून त्या खोलीपुरता एक पानभर मराठी मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे. पैसे नकोत. वैद्यकीय भाग तुमच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि मालिशबद्दलचं वाक्य मात्र सौम्य करू नका.

आपली नम्र,
मॅसॅच्युसेट्समधली एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट